एकोणीस ढेपा

१

भोरच्या डॉक्टर आनंदरावांच्या घराला अकरा पायऱ्यांचा लाकडी जिना होता आणि त्यातली सातवी पायरी फक्त चंद्राबाईंच्या पायाखाली कुरकुरायची.

डॉक्टर चढले तर ती गप्प असायची. चंद्राबाईंचा पाय पडला की मात्र अशी कण्हायची की खाली दवाखान्यात बसलेले रोगी आपलं दुखणं विसरून वर बघायचे. चंद्राबाई काही कमी नव्हत्या. "आले, आले! पायरी जिवंत आहे का बघा कुणीतरी," असं जिन्यातूनच ओरडायच्या आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायच्या. हसणं असं, की पलीकडच्या आळीत पोचावं. एकशे नव्वद रत्तलांची बाई, पण कामाला वाघीण. मणभर ज्वारी निवडून उठली तरी कंबर धरायची नाही. आपल्या अंगाची तिला लाज नव्हती. लाज वाटायची ती डॉक्टरांना.

डॉक्टर माणूस सुतासारखा सरळ आणि सुतासारखाच बारीक. पुण्याला शिकलेले, मोजूनमापून बोलणारे. लोकांना पथ्य सांगणाऱ्याची बायको अशी म्हटल्यावर गाव काय म्हणत असेल, हा किडा त्यांच्या डोक्यात कायम वळवळत असायचा. गाव काहीच म्हणत नव्हतं. गावाला चंद्राबाई आवडायच्या.

२

छत्तीस सालच्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी गोळ्या करायला घेतल्या.

बकऱ्याच्या गळ्यात, श्वासनळीच्या दोन्ही अंगांना, दोन लहान गाठी असतात. माणसालाही असतात. त्या गाठींतला रस रक्तात उतरतो आणि शरीराची चूल पेटती ठेवतो, असं डॉक्टर समजावून सांगायचे. तोच रस वरून आणखी दिला की चूल फुलते आणि अंगावर साठलेली चरबी सरपणासारखी जळून जाते. विलायतेत मडमा हेच घेतात म्हणे.

"आणि सरपण संपल्यावर?" चंद्राबाईंनी विचारलं होतं.

"त्याच्या आधी गोळी थांबवायची."

"संपत आलं हे कळायचं कसं?"

"नाडीवरून. नाडी शंभराच्या वर गेली की थांबायचं. पुस्तकात स्वच्छ लिहिलंय."

उस्मान खाटकाची बायको खातून आठवड्यातून दोनदा मागच्या दाराने यायची आणि मिठात घातलेल्या गाठींचा डबा ठेवून जायची. डॉक्टर त्या साफ करायचे, काचेवर वाळवायचे, स्पिरिटने धुऊन खलात कुटायचे आणि दुधाच्या साखरेत मळून गोळ्या वळायचे. घरभर सुकटीसारखा वास सुटायचा. गोळीचं नाव त्यांनी 'तन्वंगी' ठेवलं.

चंद्राबाईंनी गोळी घेतली ती काही धाकाने नव्हे. "तुझ्यासारखी साक्ष मला दुसरी कोण देणार?" असं डॉक्टर म्हणाले, आणि लग्नाला पंधरा वर्षं झालेल्या बाईला नवऱ्याने आपली गरज आहे म्हणणं गोड लागलं. त्यात खोटं काय? दर सोमवारी दवाखान्यातल्या काट्यावर उभं राहायचं, डॉक्टरांनी मनगट धरायचं आणि आकडा खडूने पाटीवर मांडायचा. एकशे नव्वद, एकशे त्र्याऐंशी, एकशे सत्त्याहत्तर.

डॉक्टरांचा डोळा चैत्रावर होता. त्यांच्या मूळ गावी, मार्गासनीला, देवीची जत्रा चैत्रात भरे. मुलगा डॉक्टर झाला तर सून पाच वर्षं देवीपुढे गुळाने तोलीन, असा नवस त्यांच्या आईने बोलला होता. म्हातारी गेली, पण जाताना चंद्राबाईंच्या हातावर हात ठेवून, "पाची वर्सं बसशील ना गं?" एवढं विचारून गेली. चंद्राबाईंनी हो म्हटलं होतं. तीन वर्षं झाली होती. दहा-दहा रत्तलांच्या ढेपा, एकाच साच्यातल्या, कामथडीच्या गुऱ्हाळातून यायच्या. गेल्या साली एकोणीस लागल्या होत्या. जत्रा हसली होती आणि एकोणीस ढेपांचा प्रसाद घरोघर मिळाला म्हणून खूशही झाली होती.

"यंदा चौदा लागतील," डॉक्टर म्हणाले. "सगळ्या खोऱ्याच्या डोळ्यांदेखत. याहून मोठी जाहिरात कोणती?"

३

माघातल्या एका सोमवारी सातवी पायरी कुरकुरली नाही.

चंद्राबाई तिथंच थांबल्या. पाय उचलून पुन्हा ठेवला. मग दोन्ही पायांनी हलकी उडी मारली. पायरी गप्पच. खाली डॉक्टरांनी रोग्यांना पेढे वाटले. चंद्राबाईही हसल्या, पण हसू पूर्वीसारखं पोटातून येईना. उगाचच वाईट वाटलं. आपलं कुणीतरी न सांगता गाव सोडून गेलं असं काहीसं वाटत राहिलं.

फाल्गुन लागला. दुपारी दवाखाना बंद असे. त्या दिवशी डॉक्टर शिवऱ्याला व्हिजिटला गेले होते. चंद्राबाई माडीवर पडल्या होत्या. झोप अशी आता लागतच नसे. छातीत सारखं धडधडायचं, तळहात ओले, अंगाची काहिली. डोळे मिटून त्या छपरावरच्या कावळ्यांचं ऐकत होत्या.

जिन्यात सातवी पायरी कण्हली.

त्यांनी डोळे उघडले. आठवीचा आवाज येण्याचा प्रश्न नव्हता. ती कधीच वाजत नसे. नववी, दहावीही नाही. पण वर कुणी आलं नाही आणि खाली कुणी उतरलंही नाही. जे काही होतं ते सातवीवर उभं होतं.

उन्हाचं लाकूड वाजतं, चंद्राबाईंनी स्वतःला सांगितलं. तापलं की ताणतं आणि कुरकुरतं. एवढं काय त्यात? त्या उठल्या आणि सरळ जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. घाबरून पांघरूण ओढणाऱ्यातल्या त्या नव्हत्याच मुळी. जिना रिकामा होता. कवाडाच्या फटीतून ऊन येत होतं आणि त्यात धूळ तरंगत होती.

पण त्यांच्या डोळ्यांदेखत सातव्या पायरीची फळी, खाली दबलेली, हळूच वर आली आणि जागेवर बसली.

४

स्वयंपाकाला ठकुबाई होती, मार्गासनीचीच. साठीची बाई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला चेहरे दिसत नसत, आकार दिसत. चूल, भाकरी, विस्तव सगळं हाताच्या अंदाजाने चाले आणि माणसं ती पावलांवरून ओळखायची.

गोळ्या सुरू झाल्यापासून ती चंद्राबाईंना दारात बघून विचारायची, "कोन हाय?"

"अगं, मी."

"मी कोन?"

चंद्राबाई पहिल्यांदा खदखदून हसल्या, दुसऱ्यांदा चिडल्या. होळीच्या आदल्या दिवशी त्या जेवायला खाली आल्या तेव्हा ठकुबाई ताट घासत होती.

"वाढ गं."

"कुनाला? बाई आत्ताच जेवून गेल्या की."

"मी जेवले?"

"तुमी न्हाई, बाई." ठकुबाईने पांढुरके डोळे त्यांच्याकडे वळवले आणि मग ती गोंधळली. "म्हंजी... तुमीच की वो. हितंच बसला व्हता, माज्याकडं पाठ करून. तीन भाकरी खाल्ल्या. मला किती बरं वाटलं, लई दिसांनी पोटभर जेवलात."

टोपलीत खरंच तीन भाकरी कमी होत्या.

चंद्राबाईंनी विचार केला. गोळीने भूक खवळते, हे डॉक्टर सांगत होते. झोप नसली की माणूस विसरतो, हेही सांगत होते. म्हणजे आपणच जेवलो आणि विसरलो. शक्य आहे. विसरायचंच नाही म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं की पदराला गाठ मारायची ठरवलं. तीन दिवस ठीक गेले. चौथ्या दिवशी ठकुबाई पुन्हा म्हणाली, "आत्ता तर जेवून गेल्या."

पदराला गाठ नव्हती.

त्या तडक माडीवर गेल्या. हातातून गळायला लागल्या म्हणून जुन्या, मोठ्या मापाच्या बांगड्या त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेत ठेवल्या होत्या. ट्रंकेला कुलूप होतं. उघडली. बांगड्या जागच्या जागी होत्या, हिरव्या, सहा आणि सहा. त्यांनी एक उचलली. ती ओली होती आणि तिच्या कडेला ज्वारीचं पीठ लागलं होतं.

५

शिवऱ्याची बनाबाई गेली ती त्याच आठवड्यात.

सडकेवर तिच्या नवऱ्याचं चहा-भज्यांचं दुकान होतं. बनाबाई जाडजूड, बोलायला मोकळी. दवाखान्यात आली होती पाठदुखीचं घेऊन आणि चंद्राबाईंना बघून थक्क झाली होती. "मला बघा ना," चंद्राबाईच तिला म्हणाल्या होत्या. "चार महिन्यांत अर्धी झाले." बनाबाईने जाताना तन्वंगीची बाटली नेली होती. एक गोळी सांगितली असताना लवकर गुण यावा म्हणून दोन घेत होती म्हणतात. खळ्यात उभ्याउभ्याच छातीला हात लावून खाली बसली ती उठलीच नाही.

ही बातमी खातूनने आणली. गाठींचा डबा ठेवून ती मागच्या दारात बसली होती. चंद्राबाईंनी तिला पाणी दिलं, तर तिने भांडं सोडून त्यांचं मनगटच धरलं.

"बाई, हे काय वो?"

"काय?"

"जनावराला सुरी दिसली का त्याचं काळीज असं उडतंय. म्या रोज बगते. तुमचं बसल्याबसल्या उडतंय."

चंद्राबाईंनी हात सोडवून घेतला नाही. त्या बाईच्या ओल्या, गार हातात आपलं मनगट राहू दिलं. बऱ्याच दिवसांत कुणी इतकं थेट बोललं नव्हतं.

"खातून, या गाठी सगळ्या सारख्याच असतात का गं?"

"कुटल्या सारक्या? ह्यो एवढा आन् त्यो एवढा. थंडीतली येगळी, उनातली येगळी. डोंगराकडच्या बकऱ्याची येगळी. डाक्टरसायबास्नी म्या सांगितलं व्हतं. तर म्हनले, सगळ्याची पूड सारकीच."

खातून गेल्यावर चंद्राबाई भिंतीवरच्या घड्याळासमोर उभ्या राहिल्या आणि एका मिनिटात आपली नाडी मोजली. एकशे सव्वीस भरली. चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजली. एकशे अठ्ठावीस.

६

सोमवारी काट्यावर एकशे एक्केचाळीस भरले. डॉक्टरांनी मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलं, मनात मोजलं. चंद्राबाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. तिथं मिनिटभर काही हललं नाही. मग फक्त गळ्याची घाटी खालीवर झाली.

"नव्वद," ते म्हणाले. "उत्तम."

पंधरा वर्षांत नवरा त्यांच्याशी कधी खोटं बोलला नव्हता. रागवायचा, कुढायचा, पण खोटं नाही.  चंद्राबाईंना राग आला आणि तो अगदी पूर्वीच्याच मापाचा होता.

"एकशे तीस आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही यायच्या आधी मीच मोजलीय."

"तुला मोजता येत नाही."

"पाटीवरचं वाचता येतं, घड्याळ वाचता येतं, नाडी मोजता येत नाही? बनाबाईची कुणी मोजली होती?"

"तिने दोन-दोन घेतल्या. आणि तिचं काळीज आधीपासून नाजूक होतं."

"एका गोळीत गुण किती, ते तरी तुम्हाला ठाऊक आहे का? खातून म्हणते गाठी सारख्या नसतात. कशावरून ठरवता?"

"वजनावरून."

"गुणाला वजन असतं होय?"

डॉक्टर उठून खिडकीशी गेले. तिथूनच म्हणाले, "आठ दिवस. फक्त जत्रा होऊ दे. दोनशे बाटल्या भरून ठेवल्यात मी. त्यानंतर तुझी गोळी बंद."

"माझी गोळी आत्ता बंद." चंद्राबाईंनी टेबलावरची बाटली उचलली आणि मोरीत उपडी केली. घागरभर पाणी वर ओतलं. "आणि त्या बाटल्यांसाठी मी पारड्यात बसणार नाही."

"बसू नकोस," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "आईला शब्द तू दिला होतास, मी नाही."

इथं चंद्राबाई अडकल्या. बसावं, तर खोऱ्यातल्या बायका चौदा ढेपा बघून बाटल्या नेणार आणि बनाबाईच्या वाटेने जाणार. न बसावं, तर म्हातारीला शेवटच्या घटकेला दिलेला शब्द जाणार. ओरडून सांगावं, तर कोण ऐकतो? डॉक्टरपुढे बायकोचं आणि चौदा ढेपांपुढे तोंडाचं कोण ऐकणार? आठ दिवसांत जेवून जेवून किती वाढणार, दोन रत्तल?

आड आणि विहीर या दोन्हींच्या मध्ये त्या दुपारभर बसून राहिल्या.

७

जत्रेच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, सातवी पायरी कण्हली.

चंद्राबाई माडीवरून उठल्या. छाती अजून ठोके देत होती, पण गोळी सुटल्याने अंगाची काहिली थोडी उतरली होती. जिन्याच्या तोंडाशी येऊन त्यांनी खाली बघितलं.

वळणावर हिरव्या इरकलीचा काठ नाहीसा होत होता. ते लुगडं ट्रंकेत होतं. काठाखाली एक टाच होती, रुंद, तिला आडवी भेग. गेल्या हिवाळ्यात चंद्राबाई त्याच भेगेत मेण भरत होत्या. टाच उचलली गेली आणि दिसेनाशी झाली.

त्यांच्या अंगावर काटा आला. हे गोळीचं उरलंसुरलं असेल. रक्तातून जायला दिवस लागतात. डोळ्यांना भास होतात. असं म्हणत म्हणत त्या जिना उतरल्या. पायऱ्या त्यांच्याखाली मुक्या होत्या.

स्वयंपाकघराच्या दारात त्या थांबल्या. आत पाटावर कुणीतरी बसलं होतं, दाराकडे पाठ करून. पाठ पाटाच्या दोन्ही अंगांना ओसंडत होती. मानेवर वळी होती आणि वळीच्या वर, केसांच्या मुळाशी, एक तीळ. आपल्या मानेवर तीळ आहे हे चंद्राबाईंना आईने सांगितलं होतं. त्यांनी तो कधी पाहिला नव्हता. शिकेकाईचा वास येत होता आणि संथ, शांत, भरल्या छातीचा श्वास ऐकू येत होता. असा श्वास घेऊन त्यांना कैक महिने झाले होते.

पळून जावंसं वाटलं. पाय वळलेही. आणि तेवढ्यात त्यांना स्वतःचाच संताप आला. घर माझं, पाट माझा, ती पाठही माझीच. काढून टाकायला निघालं कोण? मी. आणि दारात चोरासारखी उभी कोण? तीही मीच!

त्यांनी कोपऱ्यातला दुसरा पाट ओढला, शेजारी मांडला आणि बसल्या. बाजूला बघितलं नाही. समोर चूल होती, त्या चुलीकडे बघत राहिल्या. उजव्या दंडाला ऊब लागत होती.

ठकुबाईने हात पुसले. तिच्या आवाजात नवल असं काही नव्हतं.

"दोगींना वाढू न्हवं?"

चंद्राबाईंनी मांडी नीट घातली. "वाढ," त्या म्हणाल्या.

भाकरी खाताना त्यांना दोन तोंडांचा आवाज ऐकू येत होता. शेवटचा घास झाल्यावर त्या चुलीकडे बघतच म्हणाल्या, "परवा मार्गासनीला जायचंय. पारड्यात बसायचं आहे. मला एकटीने बसायचं नाही."

शेजारी बांगड्या एकदाच वाजल्या.

८

देवळापुढच्या वडाच्या फांदीला सावळाराम मापाड्याने मोठा तराजू टांगला होता. साखळ्यांना दोन लाकडी पारडी. एकात घोंगडी अंथरलेली, दुसरं रिकामं, आणि त्याच्याजवळ ढेपांची रास. डॉक्टरांनी चौदाच ढेपा वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. बाकीच्या गाडीत. शेजारी टेबल मांडून त्यावर बाटल्यांच्या रांगा लावल्या होत्या.

डॉक्टर बोलायला चांगलेच होते. चूल, सरपण, विलायत सगळं झालं. बायका पुढे सरकल्या. कामथडीच्या एकीने तर आधीच बाटली उचलून पदराखाली धरली होती. "गेल्या साली एकोणीस," डॉक्टर म्हणाले, "आणि यंदा, बघाच."

चंद्राबाई देवीला हात जोडून पारड्यात बसल्या. मधोमध नाही, एका कडेला. उजवीकडे हातभर जागा सोडून.

"मदी बसा वो," सावळाराम म्हणाला.

"इथंच बरं आहे."

ढेपा पडू लागल्या. दहा, अकरा, बारा. पारडं जमिनीला चिकटलेलं. तेरा. चौदावी ढेप सावळारामने दोन्ही हातांनी ठेवली आणि हात झटकून मागे झाला. दांडी हललीसुद्धा नाही.

"साखळी अडकली असेल," डॉक्टर म्हणाले.

साखळी मोकळी होती. गाडीतून ढेप आली. पंधरा. मग सोळा. जत्रा गप्प होत चालली. समोर हाडं वर आलेली एक बाई बसलेली दिसत होती आणि गुळाचा ढीग वाढत होता. चंद्राबाईंना उजव्या बाजूने पुन्हा ती ऊब लागली, शिकेकाईचा वास आला आणि घोंगडी त्यांच्या शेजारी खोलगट झाली. त्यांनी मान वळवली नाही. भीती होतीच, जीव मुठीत होता. पण त्या भीतीच्या वर काहीतरी उकळत होतं आणि ते बाहेर पडलं तेव्हा कळलं की ते हसू होतं. पोटातून आलेलं, आळीपलीकडे जाणारं.

"घाला, घाला!" त्या ओरडल्या. "हात का आखडता? देवीच्या घरी कमी नको!"

सतरा. अठरा. एकोणिसाव्या ढेपेला पारडं जमिनीवरून उचललं, डोललं, आणि दांडी सरळ झाली.

"काटा खोटा आहे!" डॉक्टर किंचाळले. त्यांचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. "उतर. मी एकशे तीस रत्तल आहे, कालच बघितलंय. मी बसतो. तेरा ढेपा ठेव."

चंद्राबाई उतरल्या. सावळारामने सहा ढेपा काढल्या. डॉक्टर कोट सावरून घोंगडीवर बसले, मांडी घालून, अगदी मधोमध.

पारडं उचललं नाही. सावळाराम चौदावी ढेप घेऊन वाकला आणि तसाच राहिला, कारण तो डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होता. डॉक्टर समोर बघत होते. मग त्यांची नजर सावकाश उजवीकडे गेली आणि तिथंच थांबली.  त्यांनी कोपर आत घेतलं, गुडघा आत घेतला आणि ते इंचाइंचाने डावीकडे सरकले. शेजारी कुणी दाटीवाटीने बसलं की माणूस अंग चोरतो, तसं त्यांनी अंग चोरलं.

साऱ्या जत्रेने ते पाहिलं.

"उतरू का?" त्यांनी विचारलं. कुणाला विचारलं, ते कळलं नाही.

कामथडीच्या बाईने पदराखालची बाटली काढली आणि टेबलावर परत ठेवली. तिच्या मागच्या बायका टेबलापर्यंत आल्याच नाहीत. चंद्राबाईंनी ढेपेचा एक खडा फोडून तोंडात टाकला. बाकीचा गूळ वाटायला त्यांनी सावळारामला सांगितलं.

९

परतीला नसरापूरपर्यंत बैलगाडी होती. गाडीवान कुंडलिक, मार्गासनीचाच. चंद्राबाई गाडीत चढल्या, एका कडेला बसल्या. मग गाडी आणखी एकदा दबली. बैलांनी माना खाली घातल्या. कुंडलिकाने वळून बघितलं आणि कासरा आवळला.

डॉक्टर खालीच उभे होते. उन्हं कलली होती तरी कपाळावर घाम होता. गाडी निघाली तसे ते मागून चालू लागले, दहा हातांचं अंतर ठेवून. न खपलेल्या बाटल्यांची खोकी देवळाच्या ओसरीवरच राहिली होती.

नदीचा उतार आला. चंद्राबाईंनी आपलं मनगट आपल्या बोटांत धरलं आणि मोजू लागल्या. घड्याळ नव्हतं, पण ठोका आता वेगळा ओळखता येत होता. अजून वेगात होता. थांबणार मात्र नव्हता, याची त्यांना खात्री वाटली. शेजारी संथ श्वास चालला होता आणि त्यांचा श्वास हळूहळू त्याच्या चालीवर येत होता.

कोसभर चालल्यावर कुंडलिकाला राहवेना.

"डाक्टरसायेब, का तंगडतोड करताय? या की वर. बाईसाबांच्या शेजारी हाये की जागा."

डॉक्टर जागच्या जागी थांबले आणि त्यांनी बायकोकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, विचारल्यासारखं.

चंद्राबाईंनी पदर नीट केला.

"नाही रे बाबा," त्या म्हणाल्या. "जागा नाही. तू हाक."